दूरच्या यंत्राचें कोठार बंद पडतें तेव्हां

जालन्याच्या मोंढ्यांत ज्यानें एकदां तरी ज्येष्ठ-आषाढांतली गर्दी पाहिली आहे, त्यास बियाण्याच्या पिशवीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. १९६४ सालीं श्री. बद्रीनारायण बारवाले यांनीं याच गांवीं 'महिको' ही बियाण्यांची कंपनी स्थापिली व १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हें आपल्या पालकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळी चिठ्ठी व मोहोर असते. ती पाहिल्यावांचून शहाणा शेतकरी पिशवी उचलीत नाहीं. आज ज्या विषयावर लिहावयाचें योजिलें आहे तो वरकरणीं अगदींच निराळा, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरचा आहे. परंतु त्याचें मर्म या निळ्या चिठ्ठींतच आहे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे एका बियाणे-विक्रेत्याचा हिशेबाचा सर्व्हर सांभाळण्याचें काम होतें. हें यंत्र दुकानांत नव्हतें. मुंबईच्या एका डेटा सेंटरमधील मोठ्या संगणकाचा एक हिस्सा मासिक भाड्यानें घेतलेला होता. शेतकऱ्यांच्या उधारीचीं सारीं खातीं त्यांत. जुलै २०२४ मध्यें, पेरण्या ऐन भरांत असतां, रोज रात्रीं हिशेबाची प्रत काढून दुसरीकडे धाडणारें 'आरसिंक' नांवाचें साधन त्यावर बसवावें असें त्याच्या मनांत आलें. आज्ञा दिली, तों यंत्रानें उत्तर केलें कीं कोठाराचा पत्ताच सांपडत नाहीं. हिशेब चालू होता खरा. पण त्याची दुसरी प्रत जगांत कोठेंही नव्हती. ती रात्र त्या मुलानें कशी काढली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. सकाळीं तो माझ्याकडे आला.

येथें कोठार म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. लिनक्समध्यें एखादा प्रोग्राम हवा असल्यास तो 'पॅकेज' नामक बांधलेल्या गाठोड्याच्या रूपानें येतो, आणि हजारों गाठोडीं ज्या ठिकाणीं सूचीसह रचून ठेविलेलीं असतात त्यास रेपॉझिटरी, म्हणजे कोठार, म्हणतात. एकाच कोठाराच्या हुबेहूब प्रती देशोदेशीं ठेविलेल्या असतात. त्यांस 'मिरर' अथवा आरसे हें नांव आहे. डेबियन व उबंटू यांत हें कोठार धुंडाळणारा कारभारी 'एपीटी' होय. सेंटओएसच्या सातव्या आवृत्तींत तोच मान 'यम' यास आहे. (हा यम धर्मराज नव्हे, हें लहान मुलांस सांगून ठेवतों.) कारभारी प्रथम सूची आणतो, सूचीवरील सही तपासतो, सूचींत लिहिलेल्या ठशाशीं गाठोड्याचा ठसा ताडून पाहतो, आणि मगच तें उघडतो. यमाच्या घरीं तर प्रत्येक गाठोड्यावरच सही असते.

आतां बिघाड कोठें होतो? बहुतेक लोक चुकीच्या सूचनेची शेवटची ओळ वाचून घाबरतात. पहिली ओळ वाचावी. 'नांव सांपडत नाहीं' असें असेल तर यंत्राला बाहेरची वाट आहे कीं नाहीं तें पाहावें, कारण भाड्याच्या यंत्रांस पुष्कळदां मुद्दामच बाहेरचा दरवाजा ठेविलेला नसतो. 'सूची अद्याप वैध नाहीं' असें असेल तर यंत्राचें घड्याळ मागें पडलें असावें. ४०४ हा आंकडा आला तर मागितलेली वस्तु त्या जागीं नाहीं. बहुधा आपली सूची शिळी असते व ती पुनः आणली कीं काम भागतें. 'किल्ली ओळखीची नाहीं' म्हणजे सहीची पडताळणी करावयाची किल्ली आपल्याजवळ नाहीं किंवा तिची मुदत सरली आहे. कधीं मागचें काम अर्ध्यावर तुटलेलें असतें, तर कधीं डिस्कच भरलेली असते. हें शेवटचें कारण इतकें साधें आहे कीं तें कोणी पाहतच नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्राला बाहेरची वाट होती, घड्याळ बरोबर होतें, इतर सर्व नांवें सांपडत होतीं. सांपडत नव्हतें तें एकच: सेंटओएसच्या आरशांची यादी देणारें ठिकाण. कारण असें कीं, २०१४ सालीं निघालेल्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजीं संपली आणि तें ठिकाण मिटविण्यांत आलें. बिघाड यंत्रांत नव्हताच. तारीख वर्षांनुवर्षें जाहीर होती. ती कोणी पंचांगांत लिहून ठेविली नव्हती, इतकेंच.

त्या मुलानें रात्रीं आणखी एक गोष्ट जवळजवळ केली होती. कोणा अनोळखी माणसाच्या सल्ल्यावरून परकें कोठार जोडावें व सहीची तपासणी बंद करावी, म्हणजे सर्व सुरळीत होईल, असें त्यास वाटलें होतें. एका आंकड्याच्या जागीं शून्य लिहिलें कीं तपासणी बंद होते, इतकें तें सोपें आहे. परंतु चिठ्ठी फाडलेल्या पिशवींतलें बियाणें शेतांत पेरावें, तशांतला हा प्रकार. शिवाय तें शेत परक्याचें. त्यानें हात आवरला याचें मला फार समाधान वाटलें.

तथापि सही म्हणजे सर्वस्व नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. २९ मार्च २०२४ रोजीं आंद्रेस फ्रॉइंड नामक अभियंत्यानें 'एक्सझेड' या दाब देऊन फाइली लहान करणाऱ्या साधनांत चोरदरवाजा ठेविलेला असल्याचें जगास कळविलें. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून त्यानें तो हुडकला. तीं गाठोडीं डेबियनच्या चांचणीच्या शाखांत रीतसर सहीनिशीं पोंचलीं होतीं. स्थिर शाखेंत मात्र गेलीं नव्हतीं. सही माल कोठून आला एवढें सांगते. माल कसा आहे हें सांगत नाहीं.

मग आम्हीं काय केलें? प्रथम भाडेकरार देणाऱ्याच्या पानावरून संपूर्ण डिस्कचें छायाचित्र, म्हणजे स्नॅपशॉट, काढून घेतला. तो होईपर्यंत दुसऱ्या कशासही हात लावूं दिला नाहीं. नंतर कोठाराच्या फाइलींत आरशांच्या यादीची ओळ निष्प्रभ करून सेंटओएसच्या 'व्हॉल्ट' नांवाच्या जुन्या तळघराचा पत्ता घातला. तपासणी चालूच ठेविली. जुनी सूची पुसून नवी मागविली. ती आली, आणि आरसिंक तीन-चार पळांत बसलें. त्या रात्रीं उधारीच्या खात्यांची पहिली प्रत दुसऱ्या ठिकाणीं गेली.

पण तळघरांत नवा माल येत नाहीं. सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहींत. म्हणून पोळ्याच्या सुमारास, गिऱ्हाईक ओसरल्यावर, त्यानें अल्मालिनक्सचें एक नवें यंत्र भाड्यानें घेतलें, खातीं तेथें नेलीं, आणि दुकानदारास समोर बसवून वीस खात्यांची बाकी जुन्या-नव्या यंत्रांवर ताडून पाहिली. एका खात्यांत चाळीस रुपयांचा फरक निघाला. तो यंत्राचा नव्हता. ती नोंद दुकानदारानेंच त्या सकाळीं जुन्या यंत्रावर केलेली होती.