सोयाबीनच्या दाण्यातील तेल आणि हेक्सेनचे रेणू

दसऱ्याच्या सुमारास कारंज्याच्या किंवा रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनचे जे ढीग हर्रासीला लागतात, त्यांतील प्रत्येक दाण्यात वजनाच्या शेकडा १८ ते २० भाग तेल असते. परंतु भुईमुगाप्रमाणे तो दाणा घाण्यात दाबला, तर त्या तेलाचा बराचसा अंश पेंडीतच अडकून राहतो. म्हणून हा माल सॉल्व्हंट कारखान्यांकडे रवाना होतो, आणि तेथे तेल काढण्याची कामगिरी हेक्सेन नावाच्या द्रवाकडे असते.

हेक्सेनचा रेणू म्हणजे सहा कार्बन व चौदा हायड्रोजन अणूंची साखळी. या अणूंना जोडणारे बंध बळकट असतात. उलट एका रेणूचा शेजारच्या रेणूशी असलेला संबंध इतका सैल, की द्रव हेक्सेनची वाफ करण्यास लागणारी उष्णता ही तितक्याच रेणूंतील एकेक कार्बन-कार्बन बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या दशांशाहूनही कमी भरते. विद्युद्भाराची कायमची टोके जवळजवळ नसताना हे रेणू एकमेकांस धरून तरी का राहतात, याचा उलगडा फ्रिट्झ लंडन या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० साली केला: इलेक्ट्रॉनांचा मेघ क्षणमात्र एका बाजूस झुकला, की शेजारच्या रेणूतही तसाच झुकाव उत्पन्न होतो, आणि त्यातून आकर्षण जन्मते. साखळी लांब, तर हे आकर्षण अधिक. म्हणूनच गोबरगॅसमधील मिथेन उणे १६१ अंशांवर, सिलिंडरमधील प्रोपेन उणे ४२ अंशांवर, तर हेक्सेन ६९ अंशांवर उकळते. पेट्रोलचा थेंब तळहातावर सांडला की क्षणात गार लागून नाहीसा होतो, तो हाच प्रकार: रेणू तुटत नाहीत, आपल्या हाताची ऊब घेऊन केवळ परस्परांपासून दूर जातात.

तेलाच्या रेणूलाही अशाच तीन लांब साखळ्या असल्यामुळे, चपट्या केलेल्या सोयाबीनच्या पापुद्र्यांवर हेक्सेन सोडले असता ते तेलाला सहज आपल्यात सामावून घेते. पाण्याला हे जमत नाही, कारण त्याचे रेणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. पुढे मिश्रण तापविले की हेक्सेन वाफ होऊन निघून जाते आणि जड रेणूंचे तेल मागे उरते. पापुद्र्यांतील हेक्सेनही वाफेने काढून घेतात. उरते ती डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड; तिच्यात तेल शेकडा एकाच्या आसपास, आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. थंड करून पुन्हा द्रव झालेले बहुतेक सारे हेक्सेन, एकही बंध न तुटता, सोयाबीनच्या पुढच्या घाण्यावर सोडले जाते.