विश्लेषण : गाळा विकासकाचा, वीजबिल भाडेकरूचे!

भिवंडी-कल्याण रस्त्यावरील टेमघरला ‘मेट्रो ५’चे स्थानक नियोजित आहे. मेट्रो आली की दुकाने, कार्यालये वाढतात. त्यांचे वीजबिल मात्र बरेचसे बांधकाम आराखड्यातच ठरते.

नियम काय?

केंद्राने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली. २०१७ मध्ये ती सुधारली. छत, भिंती, काचा, दिवे, वातानुकूलन यांचे किमान निकष त्यात आहेत. ती १०० किलोवॉट वा अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी असल्याने छोटे गाळे, गोदामे सहसा बाहेरच राहतात.

अडचण कुठे?

छताखालच्या उष्णतारोधक थराचा खर्च विकासकाचा, बचत मात्र भाडेकरूची. त्यामुळे थर गाळण्याचा मोह होतो. मग पत्रा तापतो आणि पंखे, एसी दिवसभर चालतात.

उपाय कोणते?

नव्या बांधकामात उष्णतारोधक थर आणि छतातून उजेड येण्याची सोय हवी. जुन्या पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, आत एलईडी दिवे लावता येतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते, एसीचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

गाळा घेताना भाडे ठरवण्याआधी गेल्या मे महिन्याचे वीजबिल जरूर मागावे.