अकरा वेळा दिलेलं वकीलपत्र

एसटीच्या गाडीत आमदारांसाठी एक आसन राखीव असतं. बहुतेक मार्गांवर तिथं कुणीही बसतं, कारण आमदार एसटीनं येतच नाहीत. आमच्या सांगोल्याकडं मात्र त्या आसनावर खरोखरीचे आमदार बसलेले मी पाहिले आहेत. गणपतराव देशमुख. तालुका त्यांना आबासाहेब म्हणे.

आबासाहेब मूळचे वकील. पुण्यात कायदा शिकून त्यांनी सांगोल्यात वकिली केली. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे ते प्रथम विधानसभेत गेले. २०१४ पर्यंत एकच मतदारसंघ, एकच पक्ष. निवडणुका तेरा लढवल्या, अकरा जिंकल्या. १९७८ आणि १९९९ साली मंत्रिपद मिळालं. एरवी बहुतेक काळ विरोधी बाकावरच गेला.

विरोधी आमदाराच्या हाती सत्ता नसते. असतात ती तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधेयकातली दुरुस्ती अशी साधी हत्यारं. ती चालवायला कागद बारकाईनं वाचावा लागतो, आणि ती सवय वकिलाला असते. कायद्यात ‘देईल’ आहे की ‘देता येईल’, यावर गरिबाची चूल अवलंबून असते. आम्ही कवी एका मात्रेसाठी अडून बसतो, तसं वकिलाला एका क्रियापदासाठी अडावं लागतं.

रोजगार हमीचंच पाहा. १९७२च्या दुष्काळात माझी अम्मी खडी फोडायला जायची. मी तेव्हा कडेवर होतो. मिळेल ते काम ही सरकारची मेहेरबानी समजली जाई. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली योजना १९७७च्या कायद्यात आली, २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला आणि मेहेरबानीचा हक्क झाला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम नाही दिलं, तर बेकारी भत्ता. १९९९ साली याच खात्याचे मंत्री झाले ते आमच्या दुष्काळी तालुक्याचे आबासाहेब.

खडी फोडण्याची पाळीच येऊ नये म्हणून पाणी हवं होतं. १९९३ साली आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषद भरली. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना समान मिळावं, या लढ्यात आबासाहेब अण्णांच्या बरोबरीनं उभे राहिले. कापूस न पिकणाऱ्या सांगोल्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली.

आता एक कबुली. १९९५च्या निवडणुकीत ते अवघ्या १९२ मतांनी पडले. मतदानाच्या दिवशी मी परगावी कविसंमेलनात होतो. माझ्या एका मतानं निकाल फिरला नसता, हे खरं. पण त्या १९२ जणांत आपणही एक, असं अजून वाटतं. परतल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, “टाळ्या मिळाल्या का?”

आबासाहेब पुन्हा कामाला लागले आणि १९९९ साली निवडून आले. २०१९ साली ते आपण होऊन थांबले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं.

वकीलपत्र अशील देतो आणि काढूनही घेतो. आबासाहेबांनी हे दोन्ही शांतपणे स्वीकारलं. आपण अशिलांनी मात्र तारखेला हजर राहायला हवं. १९९५ नंतर मी एकही मतदान चुकवलेलं नाही.