निम्म्या खेळाचे 110

न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे होते तेव्हाची गोष्ट. एनबीएचा बास्केटबॉल सामना रंगात आला होता आणि भाच्याने हाफटाईमला तो बदलून दुसराच लावला. "अरे, कोण जिंकतं ते बघायचं नाही?" "मावशी, माझं काम 115 पाशी होतं. ते झालं." पहिल्या दोन क्वार्टरांत दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील, यावर त्याची पैज होती. कोण जिंकणार याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्याचं ते बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून पुढच्या महिन्यात लास व्हेगसला गेले, तेव्हा एका कॅसिनोतल्या पैजांच्या काउंटरशेजारी अख्खी संध्याकाळ बसून राहिले.

तिथे सिगारेटचा धूर होता आणि तो झाकायला सोडलेला गोड सुगंध. त्या दोन वासांचं मिश्रण पुढे कित्येक दिवस माझ्या शालीला येत होतं.

खिडकीमागे साठी ओलांडलेले एक गृहस्थ. लोक खेळाचा क्रमांक सांगत, ते बटणं दाबत, चिठ्ठी दोन बोटांनी पुढे सरकवत. मी नियम विचारला तर म्हणाले, "110 द्यायचे, जिंकलात तर वर 100 मिळतात. बाकी सगळे तपशील."

पडद्यावर आकडा होता 115.5. त्याहून जास्त म्हणजे ओव्हर, कमी म्हणजे अंडर. अर्धा गुण कुणी करू शकत नाही, त्यामुळे बरोबरी होऊन पैसे परत द्यायची वेळच येत नाही. आकड्यामागचा हिशेब सरळ आहे. हाफच्या 24 मिनिटांत प्रत्येक संघाकडे साधारण 50 वेळा चेंडू येतो आणि दर वेळेला सरासरी एकाहून थोडे जास्त गुण होतात. पूर्ण सामन्यात शेवटी मुद्दाम केलेले फाऊल आणि ओव्हरटाईम मिळून आकडा फुगतो. पहिल्या हाफमध्ये ते दोन्ही नसतं, म्हणून जाणकारांना तो स्वच्छ वाटतो.

स्वच्छ असेलही, पण 110 तेच राहतात. ओव्हरवाल्याचे 110, अंडरवाल्याचे 110, मिळून 220 जमा. जिंकणाऱ्याला 210 जातात, 10 डॉलर काउंटरमागे राहतात. शंभर पैजांतल्या 52 जिंकल्या तरी 5200 येतात आणि 5280 जातात. माणूस निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरतो आणि तरीही खिशातून 80 डॉलर घालवून बसतो.

हाफ संपायला तीन सेकंद होते. 58 आणि 57, म्हणजे 115. एका खेळाडूने स्वतःच्या अर्ध्यातूनच चेंडू भिरकावला. पूर्वी असा फटका टाळायचे, कारण चुकला की खेळाडूची सरासरी घसरायची. 2025-26च्या हंगामापासून चुकलेला असा फटका संघाच्या नावावर मांडतात. चेंडू कड्याला लागून बाहेर गेला. सामन्यात त्याने काहीही बदललं नाही. माझ्या डावीकडचा मुलगा मात्र उठून ओरडला आणि उजवीकडच्या माणसाने चेहरा ओंजळीत घेतला.

मला वाटलं, आता पंधरा मिनिटं शांतता. पण त्या गृहस्थांनी पाण्याचा घोट घेऊन खुर्ची पुढे ओढली. "हीच आमची गर्दीची वेळ." दुसऱ्या हाफचा आकडा पडद्यावर आलाही होता. रांगेत पहिला तो ओरडलेला मुलगा. त्याने 210 घेतले आणि त्यातलेच 110 परत सरकवले. त्याच्यामागे ओंजळीतून चेहरा काढलेला माणूस, नवे 110 घेऊन.

मुंबईच्या गिरणगावातल्या मटक्यात ओपन आणि क्लोज असे दोन आकडे असत. ओपनला हरलेला क्लोजसाठी थांबून राही. इथेही तेच चाललेलं मी पाहिलं. खेळाचे दोन तुकडे केले की एकाच संध्याकाळी 10 डॉलर दोनदा कापता येतात. आकड्याच्या स्वच्छपणाचं कौतुक करणाऱ्यांनी ती रांग बघावी.

नेवाडात खेळांवरच्या पैजा 1949पासून कायदेशीर आहेत. न्यू जर्सीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये इतर राज्यांनाही वाट मोकळी केली, आणि काउंटर फोनमध्ये आला. भाच्याला रांगेत उभं राहावं लागत नाही. 110 मोजून घेणारी दोन बोटं त्याला दिसत नाहीत.

एडिसनच्या त्या संध्याकाळी त्याने किती सामने बदलले, ते आता मी आठवून मोजते. चार. म्हणजे चार वेळा 110.