जनसुनावणीला जाण्यापूर्वी
परिसरात मोठी खाण किंवा औष्णिक वीजप्रकल्प येणार असेल, तर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. जाडजूड मूळ अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार टाळकी जमली तरी ती उरकता येते! माईकवर बोलायचे नसेल तर हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत समजावून सांगणे बंधनकारक आहे. ते ऐकल्याशिवाय उठू नका. पर्यावरण मंजुरीविरुद्ध महाराष्ट्र-गोव्यातून राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते.