मद्रासच्या कपाटातलं खापर

संग्रहालयात गेलं की आपण मूर्तींपाशी थांबतो, नाण्यांपाशी रेंगाळतो आणि खापरांच्या कपाटावरून सरळ पुढे जातो. आज मला तुम्हाला नेमकं त्या कपाटापाशी थांबवायचं आहे.

१९४४ सालचा जुलै महिना. मॉर्टिमर व्हीलर नुकतेच भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले होते. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातल्या एका कपाटात त्यांना मातीच्या भांड्याचा तुटका गळा दिसला, त्याला लांब कान जोडलेला. त्यांनी तो लगेच ओळखला. हा अँफोरा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठची दारू नाहीतर ऑलिव्हचं तेल भरून जहाजावर चढवायचा निमुळता रांजण. तुकडा सापडला होता पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू इथे. व्हीलर पुदुच्चेरीला गेले, तिथे आणखी रोमन तुकडे पाहिले आणि १९४५ मध्ये अरिकामेडूत उत्खनन केलं.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तेव्हा दक्षिण भारतात जुन्या वसत्या आणि दफनं भरपूर माहीत होती, पण त्यांचा काळ सांगता येत नव्हता. कार्बन-१४ ची पद्धत अजून यायची होती. अरिकामेडूत मिळाली इटलीतल्या अरेझो गावच्या घडणीची तांबडी, चकचकीत खापरं. काहींवर कुंभाराच्या नावाचा शिक्काही होता! ही भांडी इटलीत कधी घडत होती हे ठाऊक होतं : साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत. मग त्याच थरातल्या आपल्याकडच्या भांड्यांनाही काळ मिळाला. त्यांतली एक थाळी महत्त्वाची. काळसर, गुळगुळीत, आतून तळाला बारीक टिंबांची वलयं. तिला रूलेटेड वेअर म्हणतात. १९४७ मध्ये कर्नाटकात ब्रह्मगिरीला हीच थाळी निघाली आणि तिचं बोट धरून तिथल्या थरांचाही काळ बांधता आला.

गंमत पुढे आहे. व्हीलरांना ही थाळीसुद्धा रोमन जगातून आली असं वाटलं होतं. पुढे मातीचं पृथक्करण झालं, तेव्हा ती भारतातलीच ठरली. विमला बेगली यांनी जुनी खापरं नव्याने तपासली, १९८९ ते १९९२ या काळात पुन्हा उत्खनन झालं आणि अरिकामेडूची वस्ती व्हीलरांच्या अंदाजापेक्षा बरीच जुनी निघाली. म्हणजे रोमन माल यायच्या आधीपासून तिथे माणसं नांदत होती. माझ्या मते हा छोटा फरक नाही. बंदर परक्यांनी वसवलं की परके आपल्या बंदरात आले, एवढा तो फरक आहे.

पश्चिम किनाऱ्यावरही असंच झालं. रोमन अँफोरा म्हणून नोंदलेले काही तुकडे रोबर्टा टोंबर यांनी पुन्हा पाहिले. त्यांच्या आतल्या बाजूला डांबराचा थर होता. ते निघाले मेसोपोटेमियाचे रांजण!

हे सगळं जमलं, कारण तुकडे कुणीतरी जपून ठेवले होते. उत्खननात खापरांचे ढीग निघतात. ठेवायला जागा नसते, म्हणून पुष्कळदा काठ आणि बूड ठेवतात, बाकी टाकून देतात. त्याहून वाईट म्हणजे चिठ्ठी हरवणं. गाव, खड्डा, थर यांची नोंद गेली की त्याच खापरावरून काळ सांगता येत नाही.

चेन्नईला एग्मोरच्या किंवा पुदुच्चेरीच्या संग्रहालयात गेलात, तर खापर कुठं तुटलंय ते बघा. तुटल्या कडेला मातीचा खरा रंग आणि तिच्यातली वाळू दिसते. आणि त्याआधी शेजारची चिठ्ठी वाचा.