साध्या इंडिकाला टर्बोचा मॅनिफोल्ड?

साधी डिझेल इंडिका आणि भंगारबाजारातून आणलेला टर्बोचा इनटेक मॅनिफोल्ड घेऊन कुणी गॅरेजला आलं, की मी आधी हवेचा हिशेब मांडतो. टाटांनी 1998 मध्ये पिंपरीतून बाजारात आणलेल्या या गाडीचं इंजिन 1405 सीसीचं. चार हजार आरपीएमला ते मिनिटाला फार तर 2800 लिटर हवा ओढतं. टर्बो नसल्याने हवा आत ढकलणारं कुणी नाही. पिस्टन खाली जाताना येईल तेवढीच. फिल्टरमधून आलेली ती हवा चार सिलिंडरांना वाटून द्यायची, एवढं मॅनिफोल्डचं काम.

पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेच्या वाटेवरची पाकळी उघडते. या डिझेलमध्ये पाय दाबला की पंप डिझेल वाढवतो. पंपाचं माप तेच ठेवून मॅनिफोल्ड मोठा लावला तर काळा धूर जरा कमी होईल, पण ताकद कुठून येणार? शिवाय कमी आरपीएमला साध्या इंजिनाला लांब नळ्या मानवतात. नळीतली हवा वेगात असते, त्या ओघानं व्हॉल्व्ह मिटता मिटता आणखी थोडी आत शिरते. टर्बोवाल्याला त्याची एवढी फिकीर नसते.

जुना मॅनिफोल्ड चोक झाला असेल तर मात्र जरूर बदला. ईजीआर, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत आत सोडणारी वाट, असलेल्या गाडीत धुराची काजळी आणि ब्रीदरमधून येणारं ऑइल मिळून आत डांबरासारखा थर धरतात, वाट अरुंद होते. तिथे साफ मॅनिफोल्ड लावला की पिकअपमधला फरक मालकाला लगेच जाणवतो.

माझा जीव अडकतो तो हेड आणि मॅनिफोल्डमधल्या पॅकिंगपाशी. स्टडची भोकं जुळली म्हणजे काम झालं असं नाही. मी नवं पॅकिंग आधी हेडवर आणि मग मॅनिफोल्डवर धरून बघतो. कुठे कड उघडी राहतेय का, मॅनिफोल्डचा फेस वाकलाय का. पेट्रोल गाडीत इथे हवा शिरली तर इंजिन लगेच डगमगतं. ही डिझेल मात्र मजेत चालत राहते आणि न गाळलेली धूळ ओढत राहते. रिंगा घासतात, कॉम्प्रेशन जातं, इंजिन ऑइल खायला लागतं. अशी गाडी उघडली की पॅकिंगच्या कडेला मातकट रेघ दिसते. बोटाला ती कचकचते, आणि मालकाला हे सांगताना मला फार वाईट वाटतं.

मॅनिफोल्ड काढताक्षणी मी हेडच्या चारही भोकांत स्वच्छ फडकी कोंबतो आणि बसवण्याआधी मोजून काढतो. या इंजिनात हवा दाबून सुमारे बाविसाव्या हिश्शात येते. वर उरलेल्या तेवढ्याशा जागेत एखादा वॉशर सापडला तर पिस्टन आणि हेड दोन्ही गेले.

नुसता पिकअप हवा असेल त्यांना मी आधी एअर फिल्टर, नोझलचं टेस्टिंग आणि कॉम्प्रेशन बघून घ्यायला सांगतो. बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं.